रूपविकारी तारा आणि दृक्प्रत्यय

पौषातल्या स्वच्छ रात्री रायपूर शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले, तर अगस्त्याचा तेजस्वी तारा सहज ओळखू येतो. ऐन दक्षिणेस येतो त्या वेळी तो क्षितिजापासून सुमारे १६ अंश उंच असतो. अगस्त्याच्या उजव्या हाताला, त्याच्याही बरेच खाली, धूर आणि धूळ यांनी नेहमी मळलेल्या पट्टीत जालक नावाचा एक लहानसा तारकासमूह आहे. भारतीय परंपरेत त्याला नाव नाही; दक्षिण गोलार्धाचे आकाश पाहण्यास गेलेल्या युरोपीय ज्योतिषांनी ते दिले. या जालकात एक तांबूस तारा आहे. जानेवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास तो ऐन दक्षिणेस येतो. पण रायपुरात त्याची उंची तेव्हाही ६ अंशांपेक्षा कमीच भरते. पुण्यात तीच उंची साडेआठ अंश, पणजीत साडेअकरा आणि चेन्नईत १४ अंश होते. इतक्या खालच्या ताऱ्याचे बरेचसे तेज वातावरणच गिळून टाकते. त्यामुळे छत्तीसगडच्या किंवा विदर्भाच्या रहिवाशाला हा तारा असून नसल्यासारखाच आहे.

तरीही भारतातील विज्ञानाच्या इतिहासात या ताऱ्याला मानाचे स्थान आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘आर रेटिक्युली’. इसवी सन १८६७ च्या जानेवारीत मद्रासच्या सरकारी वेधशाळेतील प्रथम साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचार्य यांना या ताऱ्याचे तेज स्थिर नसून ते कमीजास्त होते असे आढळून आले. ज्यांचे तेज असे बदलते त्या ताऱ्यांना मराठीत रूपविकारी तारे म्हणतात. एखाद्या तारकासमूहात सापडलेल्या पहिल्या रूपविकारी ताऱ्यास ‘आर’ हे अक्षर देण्याची प्रथा जर्मन ज्योतिषी आर्गेलँडर यांनी घातली होती. त्या प्रथेप्रमाणे या ताऱ्याला नाव मिळाले आणि शोधाची नोंद रघुनाथाचार्यांच्या नावावर झाली.

या घटनेचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आकाशातील ग्रह फिरतात, धूमकेतू येतात आणि जातात. पण तारे मात्र अढळ व अविकारी, ही समजूत पूर्वेस आणि पश्चिमेस सारखीच रुजलेली होती. ध्रुवाच्या अढळपदाची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. युरोपात ॲरिस्टॉटलच्या मताचा पगडा असा होता की, बदल हा पृथ्वीवरील वस्तूंचा धर्म आणि आकाश त्याहून निराळे, हे जवळजवळ सिद्ध झालेलेच मानले जाई. १५९६ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड फाब्रिसियस नावाचा एक जर्मन धर्मोपदेशक एका ग्रहाचे स्थान निश्चित करीत होता. तुलनेसाठी त्याने तिमिंगल समूहातील एक तारा घेतला. काही दिवसांतच तो तारा अधिक उजळ झाला, पुढे मंदावत गेला आणि ऑक्टोबरात दिसेनासा झाला. १६०९ साली फाब्रिसियसला तो पुन्हा दिसला. १६३८ मध्ये हॉलंडमधील होलवार्डा यांनी तो ठरावीक काळाने परत येतो हे ओळखले. हेव्हेलियस यांनी त्याला ‘मीरा’, म्हणजे ‘विस्मयकारक’, असे नाव दिले. आणि १६६७ मध्ये बूलियो यांनी त्याचा आवर्तनकाल ३३३ दिवसांचा ठरविला. आजचे मान सुमारे ३३२ दिवसांचे आहे. दुर्बीण बाल्यावस्थेत असताना ठरविलेली संख्या साडेतीन शतकांनंतरही एका दिवसापलीकडे चुकत नाही, याचे श्रेय उपकरणापेक्षा पाहणाऱ्याच्या चिकाटीला अधिक द्यावे लागते.

तेज बदलते हे कळले, तरी ते का बदलते हे कळण्यास पुष्कळ काळ जावा लागला. यॉर्क येथील जॉन गुडरिक हा मूकबधिर तरुण. ययाति समूहातील अल्गोल ताऱ्याचे तेज नियमाने कमी होते ते मधून मधून त्याला ग्रहण लागते म्हणून असावे, असे अनुमान त्याने १७८३ मध्ये मांडले. ते पुढे खरे ठरले. १७८४ मध्ये त्यानेच वृषपर्वा समूहातील एका ताऱ्याचा सुमारे साडेपाच दिवसांचा फेरा शोधून काढला. त्या वेळी त्याचे वय अवघे वीस होते आणि बावीसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच तो मरण पावला. या दुसऱ्या ताऱ्याचे तेज ग्रहणामुळे बदलत नाही, तो तारा स्वतःच आळीपाळीने फुगतो आणि आकसतो, हे त्याला कळणे शक्य नव्हते. स्पंदनशील ताऱ्यांची कल्पना शास्त्रात स्थिर होण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

मद्रासची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत, १७९२ साली उभी राहिली. भूमापन आणि नौकानयन यांसाठी वेळ व स्थान यांची अचूक माहिती हवी, हा तिचा मूळ हेतू. यंत्र ज्यावर बसविले होते तो ग्रॅनाइटचा स्तंभ आजही चेन्नईत जपलेला आहे आणि त्यावर अनेक भाषांतील लेख कोरलेले आहेत. १८६१ मध्ये नॉर्मन पॉगसन हे तेथे सरकारी ज्योतिषी म्हणून आले. ताऱ्यांच्या तेजाची प्रतवारी प्राचीन काळापासून चालत आलेली होती: सर्वांत तेजस्वी तारे पहिल्या प्रतीचे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. या सैल प्रतवारीला पॉगसन यांनीच १८५६ मध्ये गणिती शिस्त लावली होती. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपटींचा फरक, आणि म्हणून एका प्रतीचा फरक सुमारे २.५१२ पट, हे त्यांचे प्रमाण जगभर रूढ झाले. रूपविकारी ताऱ्यांची त्यांना विशेष आवड होती. अशा अधिकाऱ्याच्या हाताखाली रघुनाथाचार्य काम करीत होते.

ते काम कसले होते, हे पाहण्यासारखे आहे. वेधशाळेत याम्योत्तर वर्तुळयंत्र होते. ते फक्त उत्तर-दक्षिण रेषेत वर-खाली फिरते. तारा त्या रेषेवर येतो तो क्षण आणि त्याची उंची टिपली की आकाशातील त्याचे स्थान ठरते. सोबत त्याची प्रतही लिहावयाची. एक तारा संपला की पुढचा. रात्रीमागून रात्री, ऋतूमागून ऋतू हा क्रम चालत असे. या वेधांतून पुढे पाच हजारांहून अधिक ताऱ्यांची जी यादी तयार झाली, तिच्यामागे रघुनाथाचार्यांच्या कित्येक वर्षांच्या रात्री आहेत. या कामात चमत्कृती नाही. सरकारी दप्तरातील आवक-जावक नोंदवहीइतकेच ते नीरस वाटण्यासारखे आहे. परंतु रूपविकारी तारा सापडतो तो अशाच नोंदवहीत. एका वर्षी एका प्रतीचा लिहिलेला तारा दुसऱ्या वर्षी दुसऱ्या प्रतीचा भरतो. अशा वेळी मागच्या नोंदीत चूक झाली असेल असे म्हणून आकडा जुळवून घेण्याचा मोह प्रत्येक नोंद ठेवणाऱ्याला होतो. जो तो मोह आवरतो आणि तोच तारा पुन्हा पुन्हा पाहतो, त्याच्याच हाती शोध लागतो.

जालकातील तारा मीरेच्याच जातीचा निघाला. त्याचा आवर्तनकाल सुमारे २७८ दिवसांचा आहे. पूर्ण उजळतो तेव्हा तो नुसत्या दृष्टीच्या टप्प्याजवळ येतो आणि मंदावतो तेव्हा १४ व्या प्रतीपर्यंत उतरतो. उजळ आणि मंद या दोन अवस्थांतील तेजाचा फरक हजारपटींच्या घरात जातो. बराच काळ तो लहान दुर्बिणीतूनही दिसत नाही. अशा ताऱ्याच्या बाबतीत ‘आज दिसला नाही’ ही नोंदसुद्धा तितकीच मोलाची असते. फक्त न दिसण्याचे कारण तारा आहे की ढग, हे प्रामाणिकपणे लिहिलेले असले पाहिजे.

रघुनाथाचार्यांची कामगिरी या एका ताऱ्यावर संपत नाही. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण दक्षिण भारतातून दिसले आणि जगातील ज्योतिषी इकडे धावले. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात विल्यम हर्षेलचे नातू लेफ्टनंट जॉन हर्षेल यांनी आपली यंत्रे लावली. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन आणि इंग्रज अधिकारी टेनंट होते. मच्छलीपट्टणला स्वतः पॉगसन गेले. निजामाच्या मुलखातील वनपर्ती येथे वेधशाळेने जी तुकडी पाठविली तिचे प्रमुख रघुनाथाचार्य होते. सूर्याच्या तेजोज्वालांचे वर्णपट या ग्रहणात प्रथमच तपासले गेले आणि हेलियम या मूलद्रव्याच्या शोधाची वाट तेथून खुली झाली. १८७२ मध्ये रघुनाथाचार्यांना लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. डिसेंबर १८७४ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून सरकणार होता. ती घटना काय आहे आणि ती पाहून काय साधते, हे सामान्य वाचकाला सांगण्यासाठी त्यांनी पुस्तिका लिहिली आणि ती भारतीय भाषांतही प्रसिद्ध केली.

पण ज्या कार्यात त्यांचा जीव खऱ्या अर्थाने गुंतला होता, ते वेगळेच होते. ते कार्य पंचांगशुद्धीचे. पारंपरिक ज्योतिषगणिताचे संस्कार घेतलेल्या या माणसाला रोज रात्री यंत्रातून दिसणारे आकाश आणि पंचांगात छापलेले आकाश यांतील अंतर सहन होईना. जुन्या ग्रंथांतील मध्यम गती शतकानुशतके तशाच वापरल्यामुळे चंद्र-सूर्यांची स्थाने चुकू लागली होती. तिथीच्या आरंभ-समाप्तीत कित्येक घटकांचा फरक पडे. ग्रहणाचा छापलेला काळ आणि प्रत्यक्ष स्पर्शकाळ जुळत नसे. वर्षाचेच उदाहरण घ्यावे. सूर्यसिद्धांताचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी, म्हणजे जवळजवळ एका घटकेने, मोठे आहे. वर्षाला एक घटका, म्हणजे साठ वर्षांत एक दिवस. यातील बहुतेक भाग निरयन पद्धतीतून स्वाभाविकपणे येतो, पण काही भाग जुन्या मानातील चुकीचा आहे. उत्तरायणाचा खरा आरंभ डिसेंबरच्या २१-२२ तारखेस होतो आणि मकरसंक्रांत आपण १४-१५ जानेवारीस पाळतो, हे अंतर याच हिशेबातून साचत आले.

डोळ्यांनी घेतलेला वेध आणि गणिताने काढलेले स्थान यांचा मेळ बसणे याला आपल्या शास्त्रकारांनी दृक्प्रत्यय म्हटले आहे. दृक्प्रत्यय येत नसेल तर गणितात बीजसंस्कार करावा, असे जुन्या आचार्यांचेच सांगणे आहे. रघुनाथाचार्यांनी आपल्या पंचांगास ‘दृग्गणित’ हे नाव दिले ते याच आधारावर. परंपरा मोडण्याचा त्यांचा दावा नव्हता. तिची मूळ अट पुरी करावी एवढाच त्यांचा आग्रह होता. तरीही विरोध व्हावयाचा तो झालाच. आजोबा-पणजोबांनी ज्या तिथीस श्राद्ध केले ती तिथी चुकीची होती असे कोणी म्हणाले, तर ते ऐकून घेणे कोणत्याही समाजाला जड जाते. पंचांगकर्त्यांची उपजीविका, यजमानांची श्रद्धा आणि घराण्याचा अभिमान, सर्वच त्या काही घटकांत अडकलेले होते.

महाराष्ट्राला हा वाद परका नव्हता. पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य साधनांच्या आधारे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ रचली आणि आबासाहेब पटवर्धन यांच्या साह्याने १८६५ पासून नवे पंचांग सुरू केले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले जाते. काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन करणारे बापूदेव शास्त्री हेही मूळचे मराठी. त्यांनीही प्रत्यक्ष वेधाशी जुळणाऱ्या पंचांगाचा पुरस्कार केला. मद्रास, पुणे आणि काशी येथील ही माणसे भाषेने आणि गावाने वेगळी. परंतु एकाच काळात एकच प्रश्न त्यांना पडला होता. या सर्वांचा परामर्श शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात घेतला आणि मद्रासच्या दृग्गणित पंचांगाची दखल मराठी वाचकांपर्यंत पोचविली. नागपूरकर भोसल्यांच्या कारकिर्दीत छत्तीसगडात येऊन स्थायिक झालेली मराठी घराणीही सणवार आणि श्राद्धपक्ष पंचांग पाहूनच करीत होती. हा प्रश्न त्यांच्या देवघरापर्यंत येणारा होता.

रघुनाथाचार्य ५ फेब्रुवारी १८८० रोजी निवर्तले. पंचांगाचे काम त्यांच्या पुढच्या पिढीने चालू ठेवले. त्यांनी मागितली होती ती व्यवस्था देशाला मिळण्यास मात्र आणखी तीन पिढ्या जाव्या लागल्या. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमण्यात आली, १९५५ मध्ये तिचा अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे शके १८७९ च्या १ चैत्रापासून, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीच्या वार्तापत्रात जो शक दिनांक येऊ लागला, त्याच्या पूर्वपीठिकेत मद्रासच्या या साहाय्यकाचाही वाटा आहे.

पंचांगाचा प्रश्न असा मार्गी लागला, तरी आकाशातील रूपविकारी ताऱ्यांचे काम संपणारे नव्हते. तारा सापडणे ही कामाची सुरुवात. त्याच्यावर वर्षानुवर्षे पहारा ठेवणे हे खरे काम. तो पहारा ज्याने आयुष्यभर केला असा एक भारतीय बंगालमध्ये होऊन गेला. जेसोरजवळच्या बागचर गावी १८७८ मध्ये राधागोविंद चंद्र यांचा जन्म झाला. प्रवेश परीक्षेत ते तीनदा नापास झाले आणि जेसोरच्या सरकारी खजिन्यात अल्प पगारावर नाणी मोजण्या-पारखण्याच्या नोकरीस लागले. दिवसा खजिना आणि रात्री आकाश असा त्यांचा क्रम पडला. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू त्यांनी साध्या द्विनेत्रीने पाहिला आणि पुढे पदरमोड करून तीन इंची दुर्बीण विलायतेहून मागविली. १९१८ च्या जूनमध्ये गरुड समूहात एक नवतारा अकस्मात उजळला. तो चंद्र यांना स्वतंत्रपणे दिसला. त्यातून अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेशी आणि रूपविकारी ताऱ्यांचे वेध गोळा करणाऱ्या निरीक्षकांच्या संघाशी त्यांचा संबंध जुळला. त्यांचे वेध इतके नियमित आणि भरवशाचे होते की, १९२६ मध्ये त्यांच्याकडे तिकडून सहा इंची दुर्बीण पाठविण्यात आली. १९५४ पर्यंत त्यांनी नोंदविलेल्या वेधांची संख्या ३७ हजारांहून अधिक आहे.

असा वेध घ्यावयाची रीत सोपी, पण कसोटी पाहणारी आहे. रूपविकारी ताऱ्याच्या आसपास ज्यांची प्रत निश्चित ठाऊक आहे असे तारे शोधावयाचे. त्यांतील एक त्याच्याहून किंचित तेजस्वी, एक किंचित मंद. या दोहोंच्या दरम्यान आपला तारा कोठे बसतो ते दशांशापर्यंत अजमावून, वेळेसह लिहावयाचे. येथे दोन नियम पाळावे लागतात. पहिला असा की, काल काय लिहिले होते ते पाहावयाचे नाही. दुसरा असा की, आज काय दिसावयास हवे याचा विचार करावयाचा नाही. तारा उजळत चालला आहे हे मनात असले की डोळे तो उजळ दाखवितात. खजिन्यातील पारख्याला हा नियम समजावून सांगण्याची गरज नव्हती. कालचे नाणे खरे होते म्हणून आजचे खरे धरता येत नाही, हे तो रोज अनुभवीत होता. मद्रासच्या वेधशाळेत आणि जेसोरच्या अंगणात पाळला गेलेला धर्म एकच होता.

१९४७ च्या फाळणीत जेसोर पाकिस्तानात गेले. म्हातारपणी घर सोडून चंद्र पश्चिम बंगालमध्ये बारासात येथे आले. पहारा पुढे चालविण्याची शक्ती उरली नाही तेव्हा त्यांची अमेरिकी दुर्बीण तरुण ज्योतिषी वेणू बाप्पू यांच्याकडे नैनितालला गेली आणि कालांतराने तमिळनाडूतील कावलूर येथे पोचली. कावलूरची वेधशाळा बाप्पू यांनीच उभारली आणि ती ज्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची आहे, तिची परंपरा कोडाईकानलमार्गे थेट मद्रासच्या जुन्या वेधशाळेशी जाऊन भिडते. जेसोरच्या कारकुनाची दुर्बीण शेवटी रघुनाथाचार्यांच्याच घराण्यात आली. चंद्र १९७५ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी वारले.

या दोघांनी जे पाहिले त्याचा कार्यकारणभाव आता पुष्कळ स्पष्ट झाला आहे. १९१४ मध्ये शॅप्ली यांनी असे दाखविले की, वृषपर्वा जातीच्या ताऱ्यांचे बदल जोडताऱ्याच्या कल्पनेने उलगडत नाहीत. तारा स्वतःच स्पंदन पावतो असे मानावे लागते. एडिंग्टन यांनी त्याला गणित दिले. १९५० च्या दशकात रशियन शास्त्रज्ञ झेवाकिन यांनी मूळ यंत्रणा दाखविली. ताऱ्याच्या बाह्य थरातील हेलियम दाबले गेले की आतील उष्णतेला अडवून धरते. कोंडलेली उष्णता थराला बाहेर ढकलते. थर पसरला की अडसर कमी होऊन उष्णता निसटते आणि थर पुन्हा खाली येतो. चुलीवरच्या पातेल्याचे झाकण वाफेने उचलावे, वाफ निघून जाताच ते खाली बसावे आणि पुन्हा उचलावे, तसाच हा प्रकार. मीरेच्या जातीचे तारे तर अतिविशाल, तांबडे आणि आयुष्याच्या उतरणीस लागलेले. त्यांच्या बाह्य थरांतील हायड्रोजनचाही या खेळात मोठा वाटा असतो आणि ते आपले द्रव्य अवकाशात उधळीत असतात. मीरेच्या मागे अशा द्रव्याचे सुमारे १३ प्रकाशवर्षे लांबीचे शेपूट पसरले आहे, हे २००७ मध्ये उपग्रहावरील दुर्बिणीने दाखविले. सूर्यही अब्जावधी वर्षांनी याच अवस्थेतून जाणार आहे.

या स्पंदनाचा उपयोगही मोठा झाला. हार्वर्डमधील हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये वृषपर्वा जातीच्या २५ ताऱ्यांवरून असा नियम मांडला की, ज्याचा आवर्तनकाल दीर्घ त्याचे मूळ तेज अधिक. फेरा मोजला की मूळ तेज कळते आणि मूळ तेजाची दिसणाऱ्या तेजाशी तुलना केली की अंतर कळते. हीच मोजपट्टी घेऊन हबल यांनी १९२० च्या दशकात देवयानी समूहातील तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे सिद्ध केले.

यावरून सर्व काही कळून चुकले असे मात्र समजण्याचे कारण नाही. जिराफ समूहातील आर-यू नावाचा तारा बावीस दिवसांच्या फेऱ्याने नियमित उजळत आणि मंदावत असे. १९६० च्या दशकाच्या मध्यास त्याचे स्पंदन जवळजवळ थांबले, असे कॅनडातील डेमर्स आणि फर्नी यांनी १९६६ मध्ये जाहीर केले. त्यापूर्वीच्या अर्धशतकात कोणी नियमाने नोंदी केल्या नसत्या, तर काही बदलले आहे हेच कोणाला कळले नसते. केप्लर उपग्रहाने २००९ ते २०१८ या काळात लक्षावधी ताऱ्यांचे तेज अतिसूक्ष्म प्रमाणात मोजले. पण दीर्घ फेऱ्याच्या ताऱ्याचा दीडशे वर्षांचा इतिहास कोणत्याही उपग्रहापाशी नाही. तो फक्त जुन्या नोंदवह्यांतच आहे.

रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात खगोलभौतिकीचे अध्यापन आणि संशोधन चालते. रायपूरच्या क्षितिजावर जालकातला तारा हाती लागणे कठीण असले, तरी तिमिंगलातली मीरा तेथे ६५ अंशांपेक्षा उंच चढते. मार्गशीर्षाच्या सुमारास रात्री साडेनऊ-दहा वाजता ती ऐन दक्षिणेस असते. तिचा फेरा वर्षाहून महिनाभर लहान असल्यामुळे तिच्या उजळण्याचा काळ दर वर्षी सुमारे एक महिना आधी येतो. काही वर्षे तर तो सूर्याच्या सान्निध्यात सापडून दिसतही नाही. अशा वर्षी पाहणाऱ्याला कोरे पान तसेच ठेवावे लागते. रघुनाथाचार्यांनी जालकातील ताऱ्याचा विकार ओळखला त्या जानेवारीपासून आजपर्यंत त्या ताऱ्याची दोनशेहून अधिक आवर्तने झाली आहेत आणि दक्षिण गोलार्धातील निरीक्षक त्याच्या नोंदी अजूनही ठेवीत आहेत.